गाडी विकली, टॅग मात्र तुमचाच

प्रश्न थोडक्यात असा. वाचकाने गेल्या दिवाळीच्या सुमारास आपली कार वापरलेल्या गाड्यांच्या एका डीलरला विकली. पैसे मिळाले, कोऱ्या फॉर्मांवर सह्या झाल्या, दोन्ही किल्ल्या दिल्या. काचेवरचा फास्टॅग तसाच राहिला. तेव्हापासून कधी मेट्रो स्टेशनच्या, कधी विमानतळाच्या पार्किंगचे पैसे त्यांच्या खात्यातून कापले जात आहेत. एकदा गाडी दोन रात्री उभी होती, तेव्हा 2,140 रुपये गेले. ते विचारतात: इतका दर लावता येतो का, ओटीपी न मागता बँकेने पैसे दिले कसे आणि सगळे परत मिळतील का?

अशी पत्रं हल्ली वरचेवर येतात, म्हणून टॅग आधीच का काढला नाही हे विचारत बसत नाही.

दराचा मुद्दा सोडून द्या. पहिले काही तास स्वस्त आणि पुढे चढत जाणारे टप्पे, ही पार्किंगची नेहमीची रचना आहे. फलकावरच्या दरापेक्षा जास्त घेतले असतील तर ओरड करायची ती गाडी उभी करणाऱ्याने. ओटीपीचंही तेच. आत शिरताना रीडर टॅग वाचतो, बाहेर पडताना पुन्हा वाचतो, मधल्या वेळेचा हिशेब होतो आणि रक्कम टॅगला जोडलेल्या खात्यातून जाते. गाडी कोण चालवतंय हे यंत्र विचारत नाही. फाटकावर रांग लागू नये म्हणूनच ही सोय आहे.

तुमचं प्रकरण एकाच प्रश्नावर उभं आहे: टॅग बंद करा असं बँकेला लेखी केव्हा कळवलंत? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. ‘डीलरला तीन-चारदा फोन केला, तो बघतो म्हणाला’ एवढंच आहे. डीलर म्हणजे बँक नव्हे.

रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात अनधिकृत व्यवहारांबाबत ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली आहे. त्यातला तुम्हाला लागू पडणारा भाग असा: नुकसान ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालं असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं ग्राहकाने सोसायचं, कळवल्यानंतरचं बँकेने. चालू टॅग दुसऱ्याच्या गाडीवर सोडून देणं म्हणजे निष्काळजीपणा, असं बँक म्हणणार, आणि मला त्यावर फारसं उत्तर सुचत नाही. उलट, तुम्हीच टॅग दिला, मग व्यवहार अनधिकृत कसा, असाही पवित्रा ती घेऊ शकते. म्हणजे आजवरचे पैसे बँकेकडून मिळतील याची आशा धरू नका. डीलरकडून किंवा गाडी वापरणाऱ्याकडून मागता येतील. पण त्या रकमेसाठी दावा लावाल तर वकिलाची फी त्याहून जास्त होईल. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. तक्रार साधारण तीन महिन्यांत निकाली काढावी असं कायदा सांगतो. तारखा कशा पडतात ते तिथे जाऊन आलेल्या कुणालाही विचारा.

त्यातच तुम्ही टॅगला ऑटो-रिचार्ज लावून ठेवलाय. ऑगस्ट 2024 पासून फास्टॅगच्या अशा आपोआप भरण्याला 24 तास आधी सूचना देण्याची अट नाही. शिल्लक खाली आली की तुमच्या बचत खात्यातून परस्पर पैसे जातात. तो मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापण्याची तुम्ही दिलेली परवानगी, रद्द करायला बँकेच्या अ‍ॅपमध्ये दोन मिनिटं लागली असती.

पण खरं सांगायचं तर पार्किंगचे पैसे हे तुमचं सगळ्यात किरकोळ नुकसान आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की ‘आरसी अजून माझ्याच नावावर दिसते’. सुरुवात इथून करायला हवी होती.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म 29 त्यासाठीच आहे. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या प्रकरणात 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काय केलं ते वाचा. गाडी एकामागून एक हातांत फिरली होती आणि मूळ मालकाने ती विकून जवळजवळ दोन वर्षं झाली होती. मग अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी आली ती नोंदणीत नाव असलेल्या त्या मूळ मालकावर. तुमच्या गाडीचा विमा या वर्षी कुणी भरलाय का, ठाऊक आहे? नसेल आणि उद्या अपघात झाला, तर आकडा 2,140 नसेल.

डीलरबद्दल एक गोष्ट तपासा. 1 एप्रिल 2023 पासून अधिकृत डीलरची पद्धत आली आहे. डीलर अधिकृत असेल आणि गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची सूचना फॉर्म 29-सी मध्ये परिवहन खात्याच्या पोर्टलवर नोंदली असेल, तर तेव्हापासून तोच मालक मानला जातो. तसं झालं असेल तर तुमचं नशीब चांगलं. कोऱ्या फॉर्मांवर सह्या घेणाऱ्याने हे केलं असेल असं मला वाटत नाही.

ते कापलेल्या पैशांचे मेसेज डिलीट करू नका. प्रत्येकात तारीख, वेळ, ठिकाण आहे. त्या वेळी तुम्ही दुसरीकडे होता हे दाखवता आलं, तर गाडी तुमच्या ताब्यात नव्हती याला आधार मिळतो. मात्र समोरचा वकील तेच मेसेज दाखवून विचारेल की गाडी तुमच्या नावावर फिरतेय हे तुम्हाला महिनोन्‌महिने कळत होतं, मग गप्प का बसलात? आणखी एक महिना गप्प राहिलात तर हा प्रश्न अधिकच बोचेल.

तेव्हा आजच बँकेला ईमेल करून टॅग बंद करायला सांगा, तक्रार क्रमांक घ्या, मँडेट रद्द करा. यानंतर एक रुपया जरी कापला गेला तरी तो बँकेच्या माथी. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फॉर्म 29 आरटीओत द्या. उशिराबद्दल दंड सांगतील, तो हुज्जत न घालता भरा. एवढ्याने जबाबदारी पूर्ण सुटते असं मी म्हणणार नाही, नोंदणीत नाव बदलेपर्यंत धोका आहेच. पण निदान हातात एक तारीख येईल. डीलरला आता फोन नको. विक्रीची पावती जोडून, गाडी अमुक दिवसांत नावावर करून घ्या अशी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा.

टॅग बंद केल्याने गाडी वापरणाऱ्याची अडचण होईल म्हणून संकोच करू नका. टॅग तुमचा आहे, तो गाडीबरोबर विकला जात नाही. नोव्हेंबर 2025 पासून चालू टॅग नसेल तर राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर यूपीआयने सव्वापट पैसे पडतात. दोन नाके ओलांडले की तो माणूस स्वतःहून डीलरला गाठेल, आणि तुमच्या फोनला दाद न देणारा डीलर मग कागद हलवेल.