खापरपणजोबा बसप्पा आणि बाबांची सायकल

पत्र: मावशी, आमचं गाव बेळगाव तालुक्यातलं. मी 29 वर्षांचा, बेंगळूरला नोकरीला. आज्जी गेल्यावर तिची ट्रंक उघडली, तर तळाशी 1912 सालचं शेताचं खरेदीपत्र निघालं. सगळं कन्नडमध्ये. घरात कन्नड वाचता येतं ते मला एकट्याला, म्हणून कागद माझ्याकडे आला. घेणाऱ्याचं नाव बसप्पा, आणि आडनावाच्या शेवटी ‘नवर’. आम्ही आता ‘कर’ लावतो. हा बसप्पा म्हणजे माझ्या पणजोबांचा बाप. माझ्या बाबांनी 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्ल्यात. बेळगाव महाराष्ट्रात न घालता कर्नाटकात घातलं, त्याच्या निषेधात दर 1 नोव्हेंबरला ते काळी फीत लावून सायकल फेरीला जातात. ऑफिसातल्या मित्राला मी कागदाचं सांगितलं तर तो हसून म्हणाला, “म्हणजे तुम्ही मूळचे आमचेच. सत्तर वर्षं उगीच भांडलात.” मला उत्तर सुचलं नाही. त्याच रात्री थुंकीवरून वंश सांगणारं किट मागवलं. बाबांना सांगू, की कागद परत ट्रंकेत टाकू? आणि आम्ही नक्की कोण?

बाळ,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा हसू आलं, त्याचा राग धरू नकोस. कंग्राळीच्या किंवा येळ्ळूरच्या चौकात उभा राहा आणि “यल्लाप्पा” म्हणून हाक मार. निदान तिघं वळतील, आणि तिघंही मराठीतच “काय रं?” म्हणतील. कल्लाप्पा, भरमाप्पा, नागाप्पा, बसप्पा ही आपल्याकडच्या मराठी घरांतली रोजची नावं आहेत. पुण्याच्या माणसाला ती कानडी वाटतात. तू बेंगळूरला जाऊन पुणेकर कधी झालास?

‘नवर’ म्हणजे अमक्या घरातले. ‘कर’ म्हणजे अमक्या गावचे. एकानं घर विचारलं, दुसऱ्यानं गाव. दस्त लिहिणारा कन्नड असला की समोरच्या शेतकऱ्याचं घर त्याच्या लेखणीतून ‘नवर’ होऊनच उतरायचं, आणि अंगठा उठवणाऱ्याला ते वाचता येत नसायचं. हे सांगायला मला 1912 पर्यंत जायला नको. माझ्या रेशन कार्डावर, मतदार यादीत आणि लाईट बिलावर माझं आडनाव तीन तऱ्हेचं आहे. एका कारकुनानं मराठीतून कन्नडमध्ये नेलं, दुसऱ्यानं कन्नडमधून इंग्रजीत, आणि वाटेत एक अक्षर सांडलं ते सांडलंच. दुरुस्तीचा अर्ज तीनदा दिला. उद्या माझी पणती ती कागदं काढून “आपण मूळच्या कोण?” विचारत बसली तर मी वरून कपाळाला हात लावीन.

आणखी एक गोष्ट बघ. हा मुलूख मुंबई इलाख्यात होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथला सरकारी कारभार बराचसा मराठीतून चालायचा. शाळाही मराठी होत्या, कन्नड मुलांनासुद्धा. मग शिक्षण खात्यातल्या डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या माणसांनी खटपट करून कन्नड शाळा उघडल्या. म्हणजे त्याच शेताचा साठ-सत्तर वर्षं आधीचा कागद तुझ्या हाती लागला असता तर तो बहुतेक मराठीत, मोडी लिपीत असता, आणि तू मला पत्रच लिहिलं नसतंस. तसले मोडी कागद इकडच्या कन्नड घरांतही निघतात. म्हणून ते मराठी झाले काय?

तरी धरून चालू, की बसप्पा घरात खरंच कन्नड बोलायचा. शक्य आहे. आपल्या भागात त्यात नवल ते काय? पण मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. पणजोबाचा बाप म्हणजे खापरपणजोबा. असे खापरपणजोबा आणि खापरपणज्या मिळून तुला सोळा. तू सोळांतल्या एकाचं नाव वाचलंस आणि पंधरा जणांना वाऱ्यावर सोडलंस. त्यांतल्या आठ तर बायका. शेत त्यांनीही निंदलं असणार, पण खरेदीपत्रावर त्यांचं नाव यायचं कारणच नव्हतं. तुझ्या आज्जीचं माहेर कुठलं? चंदगडकडचं, गडहिंग्लजचं, की हुक्केरीच्या बाजूचं? तिच्या आईचं? आपल्याकडे सोयरीक करताना गाव, भावकी, देवक बघायचे, जिल्ह्याची हद्द कोण बघत होतं? पोराला पहिला शब्द शिकवणारी बाई बाहेरगावाहून आलेली असायची. तेव्हा घराची भाषा कुणी ठरवली हे विचारायचं असेल तर बसप्पाच्या बायकोला विचार. तिचं नाव तरी ठाऊक आहे काय घरात कुणाला? किटच्या पैशात आज्जीच्या माहेरी जाऊन आला असतास तर चार नावं जास्त कळली असती.

किटचं आता एवढंच. एका खापरपणजोबाचा वाटा तुझ्यात सरासरी सोळावा हिस्सा. कंपनी तुझी थुंकी त्यांच्याकडच्या नमुन्यांशी ताडून बघते आणि कुठल्या भागातल्या लोकांशी जुळतं ते टक्क्यांत कळवते. माणूस कुठल्या भाषेत रडायचा, ते गुणसूत्रावर लिहिलेलं नसतं. शिवाय त्या नळीत तुझ्याबरोबर तुझ्या बाबांची आणि चुलतभावांचीही माहिती जाते, त्यांना न विचारता. मी असते तर परत पाठवलं असतं. पैसे बुडाले तर बुडाले.

आता बाबांकडे येते, कारण तुला खरी धास्ती त्यांचीच आहे. तुला वाटतंय की हा कागद दाखवला तर त्यांच्या अंगावरच्या लाठीच्या वळाला अर्थ उरणार नाही. असं का वाटावं? 1956 च्या 1 नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून महाराष्ट्रात जायची मागणी कशावर उभी आहे ते बाबांना विचार, झोपेतून उठवलंस तरी सांगतील: खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा. या चारांत रक्त कुठं आहे? आज त्या गावात राहणारा माणूस काय बोलतो, त्याला काय हवंय, एवढंच विचारलंय. 1986 ला पोरं रस्त्यावर आली ती आपल्या भाषेवर सक्ती नको म्हणून. पूर्वज कोण होते याचा दाखला तेव्हा कुणी खिशात घेऊन गेलं नव्हतं. 2004 पासून महाराष्ट्राचा सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचं काय व्हायचं ते होईल, पण तो तुझ्या ट्रंकेतल्या कागदानं हरत नाही. आता आपल्याकडचीच काही मंडळी “आम्ही शुद्ध, अमक्या-तमक्याचे वंशज” असं छाती बडवून सांगतात, तुला त्या बोलण्याची सवय झाली असेल. तसल्यांना बसप्पा नक्कीच जड जाईल. जाऊ दे.

तुझ्या त्या मित्राला मात्र उत्तर द्यायला हवं होतंस. द. रा. बेंद्रे धारवाडच्या मराठी घरात जन्मले, आयुष्यभर कन्नडमध्ये लिहिलं आणि 1973 चं ज्ञानपीठ कन्नडसाठी घेतलं. “मूळचे आमचेच” म्हणून आम्ही ते ज्ञानपीठ परत मागायला जावं काय? त्याला असं विचार, आणि कन्नडमध्येच विचार. तुला येतं ना? हसेल तो. माणूस वाईट नसावा.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. आई दरवर्षी सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला जायची, मला घेऊन. गर्दीत तिच्या एका बाजूला गडहिंग्लजची बाई, दुसऱ्या बाजूला गोकाककडची. तिघींच्या कपाळाला भंडारा आणि तोंडी “उधो उधो”. ते उधो कन्नड की मराठी, हे आईला विचारलं असतं तर तिनं मलाच दोन धपाटे घातले असते. हीच आई घरी परतल्यावर कन्नडमधली नोटीस चुलीजवळ ठेवायची आणि म्हणायची, “कुणाकडनं तरी वाचून घ्यायला पायजे री.” दोन्ही गोष्टी खऱ्या. पहिलीमुळे दुसरी विसरावी असं मला कधी वाटलं नाही.

तेव्हा कागद लपवू नकोस. पण मोबाईलवर फोटो काढून भावकीच्या ग्रुपवरही टाकू नकोस, तेही 1 नोव्हेंबरच्या तोंडावर. तो बाबांना चिमटा काढल्यासारखा होईल, आणि मग वर्षभर काका लोक त्यांना बोलून घेतील.

दिवाळीला येशील तेव्हा बाबा अंगणात सायकल उलटी करून चेनला तेल घालत असतील. तिथं जाऊन बस. त्यांना कन्नड कागद वाचता येत नाही, ही गोष्ट त्यांना चाळीस वर्षं सलत असणार, हे ध्यानात ठेव. नावापासून सुरू करू नकोस. खरेदीपत्रात चतुःसीमा असतात, त्या आधी वाच. पूर्वेला कुणाचं शेत, पश्चिमेला कुठला ओढा, दक्षिणेला गाडीवाट. थांबून विचार, “बाबा, हे कुठलं म्हणायचं?” ते चेन सोडतील, तेलाचे हात धोतराला नाहीतर पँटला पुसतील आणि “अरे, हे तर अमक्याच्या विहिरीजवळचं, आता लेआउट पडलाय तिथं” असं काहीतरी सांगायला लागतील. तुला वाटतंय ना बसप्पा त्यांना ठाऊक नाही? मला वाटतं, त्यांना तो चांगला ठाऊक आहे. तुला कळल्यावर तू काय म्हणशील, याचीच धास्ती त्यांना असेल.

आणि बसप्पाच्या बायकोचं नाव विचार. मला कळव.

तुझी,
मावशी