अमेरिकेत शाळांमध्ये एवढे गोळीबार होऊनही बंदुकांवर बंदी का येत नाही?

काका, तुम्ही प्रश्न विचारलाय बंदीचा, पण खाली जे लिहिलंय तेच मला जास्त महत्त्वाचं वाटलं. मुलगा आणि सून डेट्रॉइटला चाललेत, नात सहा वर्षांची आहे, आणि बातम्या बघून तुमची झोप उडाली आहे. मी डेट्रॉइटच्या उत्तरेला, ओकलंड काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा), चौदा वर्षं राहते. माझी दोन्ही मुलं इथल्या सरकारी शाळेत जातात. म्हणून बंदीचं थोडक्यात सांगते आणि मग नातीकडे वळते.

सरसकट बंदी येत नाही, कारण संसदेला ती घालताच येत नाही. १७९१ साली राज्यघटनेत जी दुसरी दुरुस्ती झाली, तिच्यात शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे. तो हक्क नागरी सैन्यापुरता की प्रत्येक माणसाचा, हा वाद फार वर्षं चालला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणं हा प्रत्येकाचा वैयक्तिक हक्क आहे. २०२२ मध्ये तो हक्क घराबाहेरही लागू आहे असं सांगितलं. आता घटनाच बदलायची, तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत हवं आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती हवी. आजच्या राजकारणात ते होणार नाही. शिवाय लोकांच्या घरांत आधीच असलेल्या बंदुकांचा अंदाज ३९ कोटींच्या आसपास आहे आणि देशाची लोकसंख्या आहे ३३-३४ कोटी.

आपल्याला हे कळायला जड जातं, कारण आपल्याकडे सगळं उलट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक ठेवायला परवाना लागतो, तो का हवा ते अर्जदाराने पटवून द्यायचं असतं, आणि निवडणूक लागली की परवानाधारकांना हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. हे मी इथल्या एका शेजाऱ्यांना सांगितलं, तेव्हा त्यांना ते खरंच वाटेना. "आणि लोक देतात?" असं त्यांनी दोनदा विचारलं. ब्रिटनने स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर १९९७ मध्ये पिस्तुलांवर बंदी आणली. ऑस्ट्रेलियाने १९९६ च्या पोर्ट आर्थरमधल्या हत्याकांडानंतर साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या. त्या दोन्ही देशांत असा घटनादत्त हक्क नव्हता.

बंदी राहू द्या, साधी तपासणीसुद्धा वाढवता आली नाही. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटमधल्या सँडी हुक प्राथमिक शाळेत पहिलीतली २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. चार महिन्यांनी सिनेटमध्ये प्रस्ताव आला, तो बंदीचा नव्हता. बंदुकांच्या प्रदर्शनात आणि इंटरनेटवर होणाऱ्या खाजगी विक्रीतही गिऱ्हाइकाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासा, एवढंच त्यात होतं. १०० पैकी ५४ मतं बाजूने पडली, पण सिनेटच्या नियमांप्रमाणे हवी होती ६०. माझा मोठा मुलगा तेव्हा बालवाडीत होता. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, आपण परत जाऊ या.

आम्ही गेलो नाही. आणि आज मी वेगळं बोलते आहे ते ३० नोव्हेंबर २०२१ मुळे.

त्या दिवशी आमच्याच काउंटीतल्या ऑक्सफर्ड गावच्या हायस्कूलमध्ये १५ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने गोळ्या झाडल्या. चार मुलं गेली, त्यांतलं सगळ्यात लहान १४ वर्षांचं. सहा मुलं आणि एक शिक्षिका जखमी झाली. पुढचे दोन-तीन दिवस धमक्यांच्या भीतीने आसपासच्या कितीतरी शाळा बंद होत्या. मुलं घरात होती आणि आम्ही सगळ्या आया फोनला चिकटून होतो.

नंतर खटल्यात जे बाहेर आलं, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. पिस्तूल घटनेच्या चार दिवस आधी वडिलांनी विकत आणलं होतं. आदल्या दिवशी हा मुलगा वर्गात फोनवर काडतुसं शोधताना एका शिक्षिकेला दिसला. शाळेने आईला कळवलं, तर आईने मुलाला मेसेज केला तो हसण्यावारी नेणारा, पकडला जाऊ नकोस अशा अर्थाचा. घटनेच्या दिवशी सकाळी त्याच्या गणिताच्या कागदावर बंदुकीचं चित्र होतं आणि शेजारी लिहिलं होतं की विचार थांबत नाहीत, मला मदत करा. आईवडिलांना बोलावून घेतलं. समुपदेशकाने सांगितलं, याला लवकरात लवकर उपचार मिळायला हवेत. त्यांनी मुलाला घरी नेलं नाही. घरात नवं पिस्तूल आहे हेही सांगितलं नाही. दप्तर कुणी उघडून बघितलं नाही. मुलगा वर्गात परत गेला, आणि पिस्तूल दप्तरातच होतं.

काका, या गोष्टीत बंदी कुठेच येत नाही. वडिलांनी कायद्याने खरेदी केली होती. पण किती ठिकाणी ती गोष्ट थांबू शकत होती, ते बघा. कपाटाला कुलूप असतं तर. आईवडिलांनी एक वाक्य खरं बोललं असतं तर. त्याला त्या सकाळी घरी नेलं असतं तर.

आणि हे ऑक्सफर्डपुरतं नाही. राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसने २००८ ते २०१७ या काळातल्या शाळांवरच्या ४१ हल्ल्यांचा अभ्यास केला. ज्या हल्ल्यांत बंदूक वापरली होती, त्यांतल्या तीन-चतुर्थांश हल्ल्यांत ती आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून आली होती. काळजी वाटावी असं वागणं प्रत्येक हल्लेखोराच्या बाबतीत आधी कुणाला ना कुणाला दिसलं होतं. त्याआधीच्या ३७ घटनांच्या अभ्यासात तर दहापैकी आठ वेळा निदान एका माणसाला, बहुतेकदा मित्राला, बेत ठाऊक होता. आपल्याकडेही २००७ मध्ये गुडगावच्या एका शाळेत आठवीतल्या मुलाला वर्गमित्रांनी गोळ्या घालून मारलं होतं. तिथेही पिस्तूल एका मुलाच्या वडिलांचं, घरातलंच होतं.

म्हणून "बंदी नाही, म्हणजे काहीच होणार नाही" हे मला मान्य नाही. बंदी आणि काहीच नाही यांच्या मधोमध बरीच जागा आहे, आणि आमच्या मिशिगन राज्यात ती थोडी भरली गेली. १३ फेब्रुवारी २०२३ ला मिशिगन स्टेट विद्यापीठात गोळीबार झाला, तीन विद्यार्थी गेले. त्या रात्री तिथे दारं लावून बसलेल्या मुलांत ऑक्सफर्डमधून वाचलेली काही मुलं होती. दीड वर्षात दुसऱ्यांदा. त्या वर्षीच्या वसंतात डेमोक्रॅटिक पक्षाच्या गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी तीन कायद्यांवर सह्या केल्या आणि त्या गोळीबाराला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, १३ फेब्रुवारी २०२४ ला, ते लागू झाले. एक, प्रत्येक बंदूक विकताना खरेदीदाराची तपासणी. दुसरा, ज्याला इथे रेड फ्लॅग कायदा म्हणतात तो: एखादा माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल असं दिसत असेल, तर घरचे किंवा पोलीस न्यायालयात जाऊन त्याच्या बंदुका काही काळ काढून घ्यायला लावू शकतात. आणि तिसरा, जो मला सगळ्यात मोलाचा वाटतो: घरात लहान मूल राहत असेल किंवा येण्याची शक्यता असेल, तर बंदूक कुलूपबंद पेटीत, नाहीतर रिकामी करून तिलाच कुलूप लावून ठेवलीच पाहिजे. नाही ठेवली आणि मुलाच्या हातून कुणी मेलं, तर मालकाला १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास. त्याच २०२४ साली ऑक्सफर्डच्या त्या मुलाचे आईवडील सदोष मनुष्यवधात दोषी ठरले, दोघांना १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. शाळेत मुलाने केलेल्या अशा हत्याकांडासाठी आईवडिलांना शिक्षा होण्याची ही देशातली पहिलीच वेळ.

हे फक्त एकाच पक्षाला जमतं असंही नाही. पार्कलंडच्या शाळेत २०१८ मध्ये १७ जण गेल्यावर फ्लोरिडाच्या रिपब्लिकन गव्हर्नरनी साडेतीन आठवड्यांच्या आत रेड फ्लॅग कायद्यावर सही केली आणि बंदूक विकत घेण्याचं वय २१ केलं.

विरोधी बाजूचंही मी ऐकते, कारण ती माणसं माझ्या गल्लीत राहतात. वर सांगितले ते शेजारी शिकारी आहेत. इथे १५ नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, काही गावांत त्या दिवशी शाळेला सुट्टी असते. त्यांना वडिलांनी दहाव्या वर्षी रायफल धरायला शिकवली आणि कुलपात ठेवायलाही शिकवलं. ते म्हणतात, वाईट माणूस कायदा पाळत नाही, मग मी का निःशस्त्र राहू? खेड्यात पोलीस यायला अर्धा तास लागतो. हे म्हणणं मला कळतं. मात्र शिक्षकांच्या हातात बंदूक द्या, दारावर आणखी पोलीस उभे करा, हे मला पटत नाही. मे २०२२ मध्ये टेक्ससमधल्या युव्हाल्डीच्या शाळेत ३७६ पोलीस आणि अधिकारी जमले होते. हल्लेखोराला संपवायला त्यांना ७७ मिनिटं लागली. १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. शिक्षिकेने हातातला खडू टाकून ते करावं, ही अपेक्षा मला क्रूर वाटते. "हा मानसिक आरोग्याचा प्रश्न आहे" असंही म्हणतात. दुःखी, एकटी, चिडलेली मुलं सगळ्याच देशांत आहेत. भरलेलं पिस्तूल एवढ्या मुलांच्या हाताशी फक्त इथे आहे.

आता नातीबद्दल. शाळेत गोळीबार होण्याची शक्यता एका मुलासाठी फार फार कमी आहे. देशात सरकारी शाळांतच पाच कोटींच्या आसपास मुलं आहेत. मी हे खोटा धीर म्हणून सांगत नाही, कारण लगेच दुसरी गोष्टही सांगणार आहे. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक आहे, रस्त्यावरच्या अपघातांच्याही पुढे. त्यांतले बहुतेक मृत्यू शाळेत होत नाहीत. रस्त्यावर होतात, घरात होतात, कुणाच्या तरी पलंगाशेजारच्या खणातल्या पिस्तुलाने होतात. मोठ्यांचं धरलं तर २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं गेली आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. कुलूप या सगळ्यांवरच चालतं, म्हणून माझा सगळा जीव त्या कुलपात अडकला आहे.

नातीला शाळेत लॉकडाऊन ड्रिल करावं लागेल, वर्षातून तीनदा. दिवे बंद, दार बंद, सगळ्यांनी कोपऱ्यात चिडीचूप बसायचं. माझी मुलगी पहिलीत असताना घरी येऊन म्हणाली, "आई, मी सगळ्यांत शांत बसले, टीचरनी मला स्टिकर दिला." मी तिच्यासमोर हसले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. सूनबाईंना आधी सांगून ठेवा, म्हणजे त्यांना तो धक्का एकटीने सोसावा लागणार नाही. नात थोडी मोठी झाली की ओके टू से नावाची राज्याची सेवा तिला दाखवा. कुणी धमकी देताना, बंदुकीच्या गोष्टी करताना दिसलं, तर मुलं नाव न देता तिथे कळवू शकतात. आपण मुलांना चहाडी करू नये असं शिकवतो. इथे मी माझ्या मुलांना बजावलंय की हे चहाडीत मोडत नाही.

आणि एक काम सूनबाईंनीच करायचं आहे. नात मैत्रिणीकडे खेळायला जाईल, वाढदिवसाला जाईल, रात्री राहायला जाईल. जाण्याआधी त्या घरी विचारायचं: तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि असली तर कुलपात आहे का? आपल्याकडून असं विचारवत नाही, मला माहीत आहे. कुणाच्या घरी जाताना आपण हात हलवत जात नाही, आणि इथे दारातच चौकशी! पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझी जीभ अडखळली. समोरची बाई मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणीची आई होती, तिचे यजमान शिकार करणारे. ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली की सगळ्या बंदुका तळघरात सेफमध्ये आहेत, काडतुसं वेगळ्या पेटीत आहेत, हवं तर येऊन बघा. मी बघायला गेले. सेफ माझ्या उंचीची होती. एकदा मात्र एका घरून उत्तर आलं, "आहे, पण ती कुठे आहे हे मुलांना माहीत नाही." मी मुलीला पाठवलं नाही. त्या मैत्रिणीलाच आमच्याकडे बोलावलं, दोघींना थालीपीठ खाऊ घातलं, आणि दोघी आजही मैत्रिणी आहेत. मुलांना सगळं माहीत असतं, काका. दिवाळीचा फराळ आपण कुठे लपवायचो आणि तो कुणाला सापडायचा, ते आठवा.

समोरासमोर जमत नसेल, तर सूनबाईंना म्हणावं मेसेजवर विचारा. मी अजूनही बहुतेक वेळा तसंच करते. मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, हे सगळ्यांना कळवावंच लागतं. त्याच मेसेजमध्ये खाली बंदुकीचं वाक्य लिहून ठेवलं आहे आणि प्रत्येक नव्या घरी ते तसंच पाठवते.