ऑइल खाणारं इंजिन खोलायचं की बदलायचं?

१,८०,००० किलोमीटर झालेली पेट्रोल गाडी ऑइल खाते, पिकअप गेलाय आणि मेकॅनिक थेट इंजिन बदला म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. त्याने कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन दाबून तयार करतो तो दाब, मोजलंय का, ते आधी विचारा. नुसता धूर बघून इंजिन बाद ठरवणं मला पटत नाही.

सकाळी सुरू करताना निळ्या धुराचा एकच भपकारा येऊन थांबत असेल, तर बहुतेक व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल आत झिरपू न देणारी रबरी सील) कडक झालेत. त्यासाठी इंजिन उतरवावं लागत नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर येतच राहिला, तर संशय रिंगांवर, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांवर.

कॉम्प्रेशन मोजताना इंजिन गरम हवं, सगळे स्पार्क प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला. बॅटरी अर्धमेली असेल तर आकडे खोटे येतात. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत १५० ते १८० पीएसआय (दाबाचं एकक) मिळतं, पण खरी गोष्ट सिलिंडरमधल्या फरकात असते. समजा १७०, १६५, १७०, ११० आलं. चौथ्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला चढला तर रिंगा नाहीतर बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलाय. हललाच नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील, तर गॅस्केट बहुधा त्यांच्या मधेच गेलेलं असतं.

दोष हेडपुरता असेल तर दुरुस्तीच करा. पण ओव्हरहीट झालेल्या इंजिनाचं हेड सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून वाकलंय का बघितल्याशिवाय बसवू देऊ नका. वाकलेल्या हेडखाली नवं गॅस्केटही टिकत नाही, मग दोष गॅस्केटच्या माथी मारला जातो.

खालून ठकठक येतेय, गरम झाल्यावर ऑइल प्रेशर पडतंय, तर चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवा. तळाच्या ऑइलमध्ये तांबूस चकाकी दिसली, म्हणजे बेअरिंगचा वरचा थर जाऊन आतलं तांबं उघडं पडलंय. इथून पुढे क्रँक ग्राइंडिंग (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा घासणं), बोअरिंग (सिलिंडर आतून मोठा करणं), ओव्हरसाइज पिस्टन अशी रांग लागते. मायक्रोमीटरने मोजून काम करणारा माणूस हाताशी नसेल, तर मी इंजिन बदलायच्याच बाजूने.

वापरलेलं इंजिन घेतलंत तर बसवण्याआधी त्याचंही कॉम्प्रेशन मोजा. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि क्रँकचं मागचं ऑइल सील इंजिन बाहेर असतानाच बदला. ते सील नंतर गळलं तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. जुनं इंजिन तापून गेलं असेल तर रेडिएटर आणि पंखा तपासल्याशिवाय दुसरं सुरूच करू नका.