पुण्यात शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला कुठे फिरवावं?

माझं मत विचाराल तर शनिवारवाड्यापासून सुरुवात नको. 1828 च्या आगीनंतर आत मुख्यतः जोती, कारंजी आणि तटबंदी उरली आहे, शिवाय परदेशी पाहुण्यांना तिकीटही महाग. दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे बाहेरून बघा आणि पुढे चला.

खरी मजा केळकर संग्रहालयात. अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या, मस्तानी महाल... दोन तास सहज जातात. तिथून तुळशीबाग चालत गाठता येते. भाव करायला त्याला स्वतःलाच सांगा, 'कितीला दिलं?' आणि 'जास्त आहे हो' एवढं मराठी पुरतं. (दुपारी एक ते चार जुन्या पेठांतली काही दुकानं अजूनही बंद असतात, ही थट्टा नाही.)

आगाखान पॅलेससाठी वनाझ-रामवाडी मेट्रो पकडून कल्याणीनगरला उतरा. 1942 ते 44 गांधीजी इथे कैदेत होते, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाईंच्या समाध्या आवारातच आहेत. इतिहासाचा विद्यार्थी असेल तर हे चुकवू नये.

रोजचं म्हणाल तर संध्याकाळी वेताळ टेकडी आणि मग एखाद्या इराण्याकडे बनमस्का-चहा. मिसळ खायला नेलंत तर तर्री वेगळी मागवा, पहिल्याच घासाला घाम फुटायला नको.

सिंहगडाला स्वारगेटहून पीएमपीएमएलची बस पायथ्यापर्यंत जाते. पहाटेच निघा. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. पावसाळ्यात रविवार मात्र टाळा, घाटात गाड्यांची रांगच बघावी लागते.