घर भाड्याने दिलंय, पावसाळ्याआधी मालकाने नेमकं काय बघावं?

सगळ्यात आधी गच्ची. पाणी जायच्या तोंडावरची जाळी काढा, आतला पाला-माती हाताने उपसा आणि दोन बादल्या पाणी ओता. ते झरझर गेलं नाही तर पाइप तुंबलाय. गळतीचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं: पाणी साचून राहतं, बारीक भेगेतून स्लॅबमध्ये मुरतं आणि खालच्या छताला पोपडे धरतात. तेव्हा नुसता रंग मारू नका, ओल आतच राहते. भेगा आणि वॉटरप्रूफिंगचं काम कोरड्या दिवसांतच उरकून घ्या.

मग खिडक्या. चौकटीभोवतीचं सिलिकॉन नखाने दाबून बघा. सुटलं असेल तर बदला. मीटरजवळच्या आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळाली तर पुरवठा लगेच तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबा, स्विच खाली पडलाच पाहिजे. नाही पडला तर इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवा, कारण हा भाडेकरूच्या जिवाचा प्रश्न आहे.

गीझरची तपासणी थंडीआधी, एसीची उन्हाळ्याआधी.

आणि हो, जायच्या आधी भाडेकरूला विचारून वेळ ठरवा. कुठे ओल येते, कुठला नळ ठिबकतो, हे तिथे राहणाऱ्यालाच आधी कळतं. त्यांचं नीट ऐकून घ्या.