गोठ्यातील पहिली नोंद

प्रिय डॉक्टर,

अनेक उत्तम आशीर्वाद. पदवी हाती आल्याचे कळवणारे तुझे पत्र मिळाले आणि मनापासून आनंद झाला. त्यात तू दोन प्रश्न विचारले आहेस. जागतिक आरोग्यसुरक्षेत काम करायचे असेल, तर पशुवैद्यकीय सेवेतील क्षेत्रीय पदावर आधी काही वर्षे काढावीत का, हा पहिला. आणि साथींशी सामना करण्याचे काम माणसांचे डॉक्टर व मोठ्या प्रयोगशाळा करत असताना तिथे पशुवैद्यकाची गरज किती, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे त्यातूनच निघेल.

1998 च्या उत्तरार्धात मलेशियात मेंदूज्वराची साथ सुरू झाली. ती जपानी मेंदूज्वराची आहे असे समजून डासांवर फवारणी झाली, लसीकरण झाले, तरी माणसे दगावतच राहिली. वास्तविक जपानी मेंदूज्वर मुख्यतः लहान मुलांना गाठतो. इथे आजारी पडत होते ते रोज डुकरांना हात लावणारे प्रौढ. शिवाय त्या डुकरांनाही श्वास लागत होता आणि त्यांचा कर्कश खोकला दूरवर ऐकू जात होता. जपानी मेंदूज्वरात डुकरे अशी खोकत नाहीत. खरे उत्तर डुकरांच्या वाड्यांमध्ये उघड ऐकू येत होते, पण माणसांचा आजार आणि डुकरांचा आजार ही दोन वेगळी प्रकरणे मानली गेली. 1999 च्या मार्चमध्ये डुकरांकडून माणसांत आलेला निपाह विषाणू ओळखला गेला. ती साथ आटोक्यात येईपर्यंत सुमारे 265 जणांना लागण झाली होती, त्यांतील 105 जण दगावले होते आणि दहा लाखांहून अधिक डुकरे मारावी लागली होती.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये माणसांना मेंदूज्वर होऊ लागला आणि निदान झाले सेंट लुईस मेंदूज्वराचे. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील पशुविकृतिशास्त्रज्ञ ट्रेसी मॅकनमारा यांच्यापुढे मात्र मेलेले कावळे आणि पाठोपाठ मेलेले रोहित पक्षी होते. सेंट लुईसच्या विषाणूने पक्षी सहसा मरत नाहीत. घोड्यांच्या पूर्वेकडील मेंदूज्वराचा विषाणू असता, तर आधी इमू मेले असते. आणि इमू ठणठणीत होते. कोण मेले याइतकेच कोण मेले नाही याकडे त्यांनी पाहिले, हे मला त्या साऱ्या प्रकरणातले सर्वांत शिकण्यासारखे वाटते. आपल्या शंकेला लगेच दाद मिळत नसतानाही त्यांनी नमुने तपासून घेण्याचा पाठपुरावा सोडला नाही, आणि अखेर पश्चिम गोलार्धात तोवर कधीच न आढळलेला वेस्ट नाइल विषाणू हाती लागला. तिथे पशुवैद्यक नसता तर काय झाले असते, याचा विचार तूच कर.

माणसांत नव्याने उद्भवणाऱ्या संसर्गजन्य आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश प्राण्यांकडून येतात, हे तू परीक्षेत लिहिले असशील. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की रुग्णालयात पहिला रुग्ण दाखल होण्याआधी बऱ्याचदा कुठल्यातरी गोठ्यात, खुराड्यात किंवा रानात काहीतरी घडून गेलेले असते, आणि ते पाहायला तिथे कोणी होते की नव्हते यावर पुढचे आठवडे अवलंबून असतात. आंतरराष्ट्रीय करार, अहवाल, प्रयोगशाळांचे जाळे हे सारे आवश्यकच आहे. परंतु त्या साऱ्याला लागणारी पहिली नोंद गोठ्यात उभे राहून कोणीतरी करावी लागते, आणि ती झाली नाही तर वरचे सगळे जाळे रिकामेच राहते.

ती नोंद माझ्याकडून एकदा राहिली, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहितो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका गोठ्यात आठवड्यात तीन शेळ्या गाभडल्या म्हणून मला बोलावणे आले. मी शेळ्या तपासल्या, चारा पाहिला, अडकलेल्या वारेसाठी औषध दिले आणि निघालो. माझ्या डोळ्यांसमोर त्या घरातील सून उघड्या हातांनी वार आणि मेलेले करडू उचलून उकिरड्याकडे नेत होती. मी तिला थांबवले नाही, नमुना घेतला नाही आणि घरात कोणाला ताप आहे का हेही विचारले नाही. काही महिन्यांनी कळले की ती कित्येक आठवडे उतरत-चढत राहणाऱ्या तापाने आणि सांधेदुखीने अंथरुणाला खिळली होती, आणि ब्रुसेलोसिसचे, म्हणजे गाभडलेल्या जनावरांकडून माणसांना होणाऱ्या संसर्गाचे, निदान फार उशिरा झाले. एक प्रश्न, हातमोज्यांचा एक जोड आणि बर्फात ठेवलेली एक नमुन्याची बाटली एवढ्यावर ते टळले असते किंवा निदान लवकर तरी कळले असते. तेव्हापासून जनावर तपासून झाल्यावर घरातील माणसांची विचारपूस केल्याशिवाय मी कुठूनही उठलो नाही.

तू हे पहिल्या दिवसापासून कर. गाभडलेल्या जनावराला हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नकोस. नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त आलेले जनावर अचानक मेलेले आढळले, तर फाशी म्हणजे काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय धर आणि शव मुळीच उघडू नकोस. कानाच्या शिरेतील थेंबभर रक्ताची काचपट्टी पुरते. रेबीजची प्रतिबंधक लस रुजू होण्याआधीच घे. नमुन्यावरील चिठ्ठी पेन्सिलीने लिही, कारण बर्फाच्या पाण्यात शाई पसरते.

आता मनुष्यबळाविषयी. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूत पसरला, तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली आणि सरकारी पशुवैद्यक अपुरे पडल्याने परदेशांतूनही पशुवैद्यक बोलावावे लागले. तेवढ्या संपन्न देशाची ही स्थिती झाली, कारण पशुवैद्यक तयार व्हायला अनेक वर्षे लागतात आणि साथ आठवडाभरही थांबत नाही. शांततेच्या वर्षांत रिकामे पद कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. उलट ती बचतच वाटते. रिकाम्या पदांमागे कमी वेतन, एकटेपणा, वाहन नसणे आणि रात्री-अपरात्रीची धावपळ ही कारणे असतात, आणि निव्वळ सेवाभावाच्या गोष्टी सांगून ती दूर होत नाहीत. तुझ्या वाट्याला हे आले तर निमूटपणे सोसत बसू नकोस, लेखी मागणी कर. पशुवैद्यकीय सेवांची क्षमता तपासण्याची जागतिक पशुआरोग्य संघटनेची पद्धत आहे. तिच्या निकषांत मनुष्यबळालाही स्थान आहे, तेव्हा तुझी मागणी त्या भाषेत मांडता येते.

आणि पदवीधरांवर सारे चालत नाही, हेही ध्यानात ठेव. बुळकांडीचे, म्हणजे गाई-म्हशींच्या रिंडरपेस्ट या जीवघेण्या रोगाचे उदाहरण घे. याच रोगाच्या 1920 मधील बेल्जियममधील उद्रेकामुळे 1924 साली पॅरिसमध्ये आजच्या जागतिक पशुआरोग्य संघटनेचा पाया घातला गेला, आणि 2011 मध्ये बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग. ब्रिटिश पशुवैद्यक वॉल्टर प्लोराइट यांनी तयार केलेल्या लसीचे श्रेय मोठे आहेच. परंतु पूर्व आफ्रिकेतील दुर्गम भागांत, जिथे रस्ते नव्हते आणि युद्ध चालू होते, तिथे उष्णता सहन करणारी लस घेऊन चालत गेले ते त्याच समाजांतून निवडून प्रशिक्षित केलेले पशुपालक. कळपात कोणता रोग शिरला आहे हे त्यांना आपल्या भाषेत नेमके सांगता येत असे. तुझ्या हाताखालच्या पशुधन पर्यवेक्षकाचा आणि लसटोचकाचा मान राख. तुझ्याआधी त्यालाच कळणार आहे.

पशुपालकाचा विश्वास हा या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. रोग कळवला की जनावरे जातील आणि भरपाई मिळणार नाही असे ज्याला वाटते, तो आजारी जनावर रातोरात बाजारात विकतो, आणि त्याच्याबरोबर रोगही पुढच्या गावाला जातो. त्याला दोष देण्याआधी, त्याच्या जागी आपण असतो तर काय केले असते हे पाहावे. म्हणून पाळता येणार नाही असा शब्द त्याला कधीही देऊ नकोस, आणि भरपाईचे कागद तुझ्या टेबलावर एक दिवसही पडून राहू देऊ नकोस.

तेव्हा क्षेत्रीय पद स्वीकार, असे माझे स्पष्ट मत आहे. किमान तीन वर्षे तिथे राहा. साथरोगशास्त्राचा अभ्यासक्रम त्यानंतर कर. तेव्हा तक्त्यातल्या प्रत्येक आकड्यामागे एखादा गोठा तुला दिसेल. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना स्वतः जाऊन भेट आणि दूरध्वनी क्रमांक घे, म्हणजे त्यांच्याकडे विचित्र तापाचे रुग्ण वाढले किंवा तुझ्याकडे जनावरे गाभडू लागली, तर पत्रव्यवहाराची वाट पाहावी लागणार नाही.

पहिला महिना संपला की तुझ्या नोंदवहीतील कोणतेही एक पान उतरवून मला पाठव. मी ते सावकाश वाचीन आणि काय विचारायचे राहिले ते समासात लिहून परत पाठवीन.

तुझा हितचिंतक