जॅग्वारचं पुढे काय, आणि विट्यात एक्सएफ घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, धंद्यामुळे कोइंबतूरला असतात. तिथे 2018 ची जॅग्वार एक्सएफ, 2.0 डिझेल, 62 हजार किलोमीटर झालेली, 13 लाखांना मिळतेय. गाडी सांगली जिल्ह्यातल्या विट्याला आणायची आहे, पण घरचे म्हणतात, "जॅग्वार बंद पडायला लागलीय, उद्या पार्ट कुठून आणणार?"

काळजी रास्त आहे, पण यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. जॅग्वार हे नाव टिकणार का, हा एक. तुमच्या एक्सएफला अजून सात-आठ वर्षं पार्ट मिळणार का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आज कुणालाच ठामपणे देता येणार नाही, पण दुसऱ्याचं बऱ्यापैकी देता येतं.

आधी कंपनीचं. टाटांनी 2008 मध्ये फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर दोन्ही मिळून 230 कोटी डॉलरना घेतल्या. 2018 साली जगभरात जॅग्वारच्या सुमारे 1 लाख 80 हजार गाड्या विकल्या गेल्या आणि तिथून उतार लागला. लोक सेडानकडून एसयूव्हीकडे वळले, आणि एसयूव्ही घ्यायला त्याच शोरूममध्ये आलेला माणूस लँड रोव्हर घेऊन बाहेर पडू लागला. 2021 मध्ये जॅग्वार पूर्ण इलेक्ट्रिक करायचं ठरलं आणि तयारीत असलेली इलेक्ट्रिक एक्सजे रद्द झाली. एक्सई, एक्सएफ आणि एफ-टाइपचं उत्पादन 2024 मध्ये थांबलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मायामीत टाइप 00 ही संकल्पना-गाडी दाखवली. तिच्यावरून येणारी चार दारांची इलेक्ट्रिक गाडी ब्रिटनमध्येच 1 लाख पौंडांच्या वर जाणार आहे. जुनी गिऱ्हाइकं सोडून नवी, जास्त श्रीमंत गिऱ्हाइकं शोधायची, असा हा डाव आहे. माझ्या मते तो फार मोठा जुगार आहे, कारण मधली दोन-तीन वर्षं शोरूममध्ये विकायला काहीच नाही आणि तेवढ्यात लोकांची सवय तुटते.

पण त्या नव्या गाडीचा आणि तुमच्या एक्सएफचा एक बोल्टसुद्धा सारखा असण्याचं कारण नाही. ती चालली म्हणून तुमचे पार्ट स्वस्त होणार नाहीत आणि पडली म्हणून ते गायब होणार नाहीत.

पार्ट टिकतात ते रस्त्यावरच्या गाड्यांच्या संख्येवर. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्या वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी बघा. उत्पादन थांबून दोन दशकं उलटली तरी मुंबईत तिचे पार्ट मिळत राहिले, कारण हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सी धावत होत्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. एक्सएफची तेवढी संख्या आपल्याकडे कधीच नव्हती. पण तिला भावंडं आहेत. तिचं 2.0 इंजेनियम डिझेल इंजिन लँड रोव्हरच्या डिस्कव्हरी स्पोर्ट, इव्होक आणि व्हेलारमध्ये आहे. व्हेलार तर त्याच प्लॅटफॉर्मवरची गाडी. आठ स्पीडचा गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा, आणि तो तिने अर्ध्या जगाला विकलाय. म्हणजे इंजिन, टर्बो, इंजेक्टर, गिअरबॉक्स, सेन्सर यांची चिंता तुलनेने कमी, लँड रोव्हर आहे तोवर हे मिळत राहील.

पार्ट मागवताना एक गोष्ट करा. चॅसी नंबर देऊन पार्ट नंबर काढून घ्या आणि त्याच वस्तूचा लँड रोव्हरचा नंबर आहे का ते विचारा. लँड रोव्हरचे नंबर एलआरने सुरू होतात, जॅग्वारचे बहुतेक टी किंवा जेडीईने. एकच फिल्टर दोन नंबरांनी विकला जातो, आणि एकाचा साठा संपला तरी दुसऱ्याचा असू शकतो.

खरा धोका आहे तो फक्त एक्सएफलाच लागणाऱ्या गोष्टींचा: हेडलाइट, टेललाइट, पुढची-मागची काच, बंपर, ग्रिल, दारांच्या पट्ट्या, आतलं डॅशबोर्डचं प्लास्टिक. यांना भावंडं नाहीत. नवीन बनणं थांबलं की गोदामात आहे तेवढंच. गळीत हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीला कोपरा लागला, तर इंजिनाला काही होणार नाही पण हेडलाइटसाठी गाडी महिनाभर उभी राहू शकते. 2025 च्या सप्टेंबरमध्ये सायबर हल्ल्याने जेएलआरचे (जॅग्वार लँड रोव्हरचे) कारखाने काही आठवडे बंद पडले, तेव्हा पार्टचा पुरवठाही अडला होता. त्यामुळे गाडी घेतलीच तर एक जुना पण चांगला हेडलाइटचा जोड आणि दोन्ही बाहेरचे आरसे मिळतील तेव्हा घेऊन ठेवा. विमा घेताना झिरो डेप (पार्टच्या घसाऱ्याचे पैसे न कापणारा विमा) मिळतंय का ते आधी विचारा, इतक्या वर्षांच्या गाडीला सगळ्याच कंपन्या देत नाहीत.

बॉडीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इकडे सगळ्यात जास्त वाट तिथेच लागते. या एक्सएफच्या बॉडीत सुमारे 75 टक्के अ‍ॅल्युमिनियम आहे. पत्रे वेल्डिंगने नाही, तर रिव्हेट आणि स्ट्रक्चरल गोंदाने जोडलेत. नेहमीच्या डेंटिंगवाल्याकडे पत्र्यावर स्पॉट मारून ओढायची जी पद्धत असते ती इथे चालत नाही, अ‍ॅल्युमिनियम तापलं की मऊ पडतं आणि जास्त ओढलं की फाटतं. त्याहून वाईट म्हणजे ज्या ग्राइंडरच्या डिस्कने आणि ब्रशने लोखंड घासलं त्यानेच अ‍ॅल्युमिनियम घासलं, तर लोखंडाचे कण त्यात रुततात. पावसाळा गेला की रंगाखाली फोड येतात आणि पांढरी भुकटी निघते. दोन धातू ओलाव्यात एकमेकांना लागले की अ‍ॅल्युमिनियमच आधी गंजतं. म्हणून किरकोळ चेपसुद्धा अ‍ॅल्युमिनियमची वेगळी हत्यारं असलेल्या वर्कशॉपमध्येच काढा. त्यासाठी पुण्याला जायची तयारी ठेवा.

याच कारणाने तपासणीला जाताना रंगाची जाडी मोजणारं मीटर नीट बघून न्या. स्वस्तातली मीटरं फक्त लोखंडावर चालतात आणि अ‍ॅल्युमिनियमवर काहीच दाखवत नाहीत. लोखंड आणि अलोह दोन्ही मोजणारं मीटर हवं. कंपनीचा रंग साधारण 100 ते 180 मायक्रॉन असतो. बॉनेट, पुढचे फेंडर, दारांच्या वरची कड आणि मागच्या चाकावरचा भाग मोजा. कुठे 300 च्या वर आकडा गेला तर खाली पुट्टी आहे असं समजा आणि अपघाताचा विमा-दावा झालाय का ते विचारा.

आता इंजिन. इंजेनियम डिझेलचं दुखणं म्हणजे टायमिंग चेन, इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी. चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेन ताणली किंवा तिचे प्लास्टिकचे गाइड झिजले तर बदलायला गिअरबॉक्स किंवा इंजिनच उतरवावं लागतं, त्यामुळे मजुरीच पार्टच्या बरोबरीने जाते. ओळखायचं कसं? मालकाला आदल्या रात्रीपासून गाडी बंद ठेवायला सांगा, सकाळी तुमच्यासमोर पहिला स्टार्ट मारू दे. बॉनेट उघडून मागच्या भिंतीजवळ कान ठेवा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळी डब्यात हलवल्यासारखा खडखडाट आला तर तिथेच थांबा. तुम्ही पोहोचायच्या आत इंजिन गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरमध्ये पी0016 किंवा पी0017 कोड सापडला, म्हणजे कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्टचा मेळ चुकलाय, तर किंमत कितीही उतरली तरी घेऊ नका.

चेन लवकर जाण्याचं मोठं कारण म्हणजे लांबवलेलं ऑइल. कंपनीचं सर्व्हिसचं अंतर लांब आहे, त्याच्या भरवशावर राहू नका. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ होताना जादा डिझेल फवारलं जातं, त्यातलं थोडं पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि त्याची झीज आधी चेनला, मग टर्बोला भोवते. दर 10 हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा बदला. 0डब्ल्यू-30, डब्यावर एसटीजेएलआर.03.5007 हे कंपनीचं मानक लिहिलेलं, साधारण 7 लिटर. डिपस्टिक नाही. इंजिन गरम करून, समतल जागी बंद करून, दहा मिनिटांनी डॅशबोर्डवर पातळी बघायची. पातळी कमी होण्यापेक्षा वाढलेली दिसली तर जास्त काळजी करा, कारण ते डिझेल असतं.

घर ते दुकान, दुकान ते बाजार एवढंच फिरवायचं असेल तर डीपीएफची डिझेल गाडी मुळात घेऊच नका. आठवड्यातून एकदा विटा ते सांगली, किंवा कराडला जाऊन हायवेवर सलग वीस-पंचवीस मिनिटं 60-70 च्या वर, आरपीएम 2,000 च्या आसपास ठेवून चालवली पाहिजे. इंजिन बंद केल्यावर फॅन जोरात फिरत राहिला तर साफसफाई अर्धवट राहिली असं समजा आणि आणखी थोडी फिरवून आणा.

गिअरबॉक्सचं ऑइल "आयुष्यभराचं" म्हणून सांगतील, ते ऐकू नका. झेडएफ स्वतः 80 हजार ते 1 लाख 20 हजारांच्या दरम्यान बदलायला सांगते. ऑइल पॅन प्लास्टिकचा आहे आणि फिल्टर त्यातच बसवलेला, त्यामुळे पूर्ण पॅनच बदलतो. झेडएफचं लाइफगार्ड 8 हेच ऑइल लागतं. भरताना इंजिन चालू, गाडी अगदी सपाट आणि ऑइलचं तापमान 40 अंशांच्या आसपास लागतं. हे तापमान स्कॅनरवर बघावं लागतं, अंदाजाने भरलं तर पातळी चुकते आणि गिअर झटके देतात.

तुमच्या घराची एक अडचण मला दिसतेय. गलाईवाल्यांच्या बऱ्याच घरांत गाडी गावाकडे असते आणि माणसं यात्रेला, दिवाळीला किंवा लग्नसराईत येतात. ही गाडी महिनाभर बंद उभी राहिली तर बॅटरी उतरते, आणि ती कमकुवत झाली की डॅशबोर्डवर ब्रेक, एअरबॅग, गिअरबॉक्स अशा खोट्या सूचनांची रांग लागते. मेकॅनिक मग नको ते पार्ट बदलत बसतात. डिकीत मुख्य एजीएम बॅटरी (सीलबंद प्रकारची) आहे आणि स्टॉप-स्टार्टसाठी, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होतं त्यासाठी, दुसरी छोटी वेगळी. दोन्ही तपासा. मुख्य बॅटरी बदलली तर स्कॅनरने गाडीला तसं सांगावं लागतं, नाहीतर चार्जिंग जुन्याच हिशोबाने होत राहतं. बंद ठेवायची असेल तर एजीएम मोड असलेला 5 ते 8 अ‍ॅम्पिअरचा चार्जर जोडून ठेवा. बंद पडल्यावर दोरी बांधून ओढू नका, चारही चाकं उचलणारी फ्लॅटबेडच बोलवा.

पैशांचा हिशोब करताना 13 लाख ही गाडीची पूर्ण किंमत धरू नका. गाडी तमिळनाडू पासिंगची आहे, विट्यात कायम ठेवायची तर बारा महिन्यांच्या आत एमएच-10 चं, म्हणजे सांगलीचं, पासिंग लागेल. तिकडून फॉर्म 28 वर एनओसी, नाव बदलायला 29 आणि 30, इकडे नव्या नंबरासाठी 27. त्यावर महाराष्ट्राचा एकरकमी कर. 20 लाखांच्या वरच्या डिझेल गाडीला व्यक्तीच्या नावावर 15 टक्के, फर्मच्या नावावर 20. मूळ किंमत 50 लाखांच्या घरात धरली तर नव्या गाडीला व्यक्तीच्या नावावर हा कर साडेसात लाख बसला असता. वयानुसार तो कमी होतो, तरी उरतो तो लाखांतच. सौदा करायच्या आधी सांगलीच्या आरटीओत मेक, मॉडेल, मूळ बिलाची रक्कम आणि नोंदणीची तारीख देऊन नेमका आकडा काढून घ्या. तमिळनाडूत भरलेल्या आजीवन कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण ती फाइल तिकडे हलवावी लागते. मामा तिथेच आहेत तर ते काम त्यांच्याकडेच द्या, आणि मूळ मालकाच्या सह्या एनओसीच्या वेळीच घेऊन ठेवा.

जॅग्वारच्या अनिश्चिततेचा खरा फटका बसतो तो विकताना. आज 13 लाखांची गाडी तीन वर्षांनी विकायला काढलीत तर गिऱ्हाईक हाच प्रश्न विचारेल, जो आज तुमच्या घरचे विचारतायत. म्हणून तीन-चार वर्षांनी बदलायची असेल तर घेऊ नका. मोडेपर्यंत वापरायची असेल, चेनचा आवाज नसेल, सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी असतील आणि कर धरून एकूण रक्कम झेपत असेल तर घ्या. वर दीड-दोन लाख दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. भाव करताना कराचा आकडा मालकासमोर ठेवा. तमिळनाडूबाहेरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला असाच कर बसणार आहे, हे त्याला कळलं की 13 वरून 11 वर यायला वेळ लागत नाही. सर्व्हिसच्या नोंदी आणि पहिल्या स्टार्टचा व्हिडिओ इथे टाकलात तर बघून सांगतो.